चौथं लिंबू

मी दुपारचा आडवा झालो असताना माझ्या बायकोने शिवणाच्या टेपने माझ्या पाठीचं माप घेतलं. मानेपासून कमरेपर्यंत एकदा आणि मग या दंडापासून त्या दंडापर्यंत. मी डोळे किलकिले करून समोरच्या आरशात सगळं बघत होतो. (झोपेचं सोंग मला उत्तम जमतं. नोकरीतल्या मीटिंगांनी तेवढं तरी शिकवलं!)

"काय चाललंय?" मी एकदम विचारलं.

सुलभा दचकली. टेप पाठीमागे लपवत म्हणाली, "काही नाही. स्वेटर विणावं म्हणते तुमच्यासाठी."

मुलुंडमध्ये! एप्रिलमध्ये! स्वेटर! मी कूस बदलली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यातून घरात त्या वेळी तीन चाकांच्या मोटरसायकलचा विषय पेटलेला होता, त्यामुळे मी आधीच सगळ्यांवर नजर ठेवून होतो.

तीन चाकांची मोटरसायकल म्हणजे रिक्षा नव्हे. (हे मला सोसायटीत प्रत्येक मजल्यावर समजावून सांगावं लागलं.) सरळसरळ मोटरसायकलच, फक्त एक चाक जास्त. ही वेळ माझ्यावर आली ती माझ्या स्कूटरमुळे. सोसायटीच्या गेटमध्ये मी स्कूटरवरून पडलो. वेग विचारू नका, कारण गाडी उभी होती. वॉचमन गेट उघडेपर्यंत मी एक पाय टेकून थांबलो, तो पाय खड्ड्यात गेला आणि मी, स्कूटर आणि माझी अब्रू एकाच बाजूला कलंडलो. मागे बसलेली सुलभा वेळेवर उडी मारून सुखरूप उभी होती. तिच्या हातातली कोथिंबिरीची जुडीसुद्धा विस्कटली नव्हती. माझा पाय मात्र प्लास्टरमध्ये गेला.

प्लास्टर काढताना डॉक्टर म्हणाले, "काका, आता दोन चाकं विसरा."

"तीन चालतील का?" मी विचारलं.

डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला. मी मात्र गंभीर होतो, कारण माझं एक वचन अडकलं होतं. रिटायर झालो की स्वतःच्या गाडीवर सुलभाला मागे बसवून मालवणला गावी न्यायचं, असं मी तिला लग्न झाल्यापासून सांगत आलो होतो. रिटायर झालो आणि लगेच पडलो. आता हँडल एकदा हातातून सुटलं तर परत कोणी देणार नाही, हे मला दिसत होतं.

सुलभाचा भाऊ पक्या मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप चालवतो. त्याचा दोस्त आल्विन मढला राहतो आणि तिथल्या बंगल्यांवर शूटिंगसाठी चित्रविचित्र गाड्या भाड्याने देतो. तो आता तो धंदा आवरता घेत होता आणि त्याच्याकडे तीन चाकांच्या दोन मोटरसायकली विकायला होत्या.

"भावोजी, एक स्पोर्टी आहे, एक टूरिंग," पक्या फोनवर म्हणाला. "स्पोर्टीवर पुढे वाकून बसायचं, एकदम रेसवाल्यासारखं. टूरिंग म्हणजे चालता-फिरता सोफासेट! मागच्याला पाठ टेकायला गादी, हात ठेवायला दांड्या, पाय ठेवायला फळ्या. तुम्ही टूरिंग घ्या."

"का?"

"का म्हणजे? आराम आहे ना यार!"

मला कोणी आराम सुचवला की मी सावध होतो. टूरिंग घ्या म्हणजे 'तुम्ही म्हातारे झालात' हे गादीत गुंडाळून सांगणं! त्यात सुलभाचे प्रश्नही विचित्र होते. पुढच्या सीटबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही. सगळी चौकशी मागच्या सीटची. मागच्याची कंबर धरते का? मागच्याला झोप लागली तर तो पडेल का? मी खोलीत गेलो की तिचा पक्याशी चाललेला फोन बंद व्हायचा. रविवारी ती "मरोळला भावाकडे जाते" म्हणून सकाळीच निघायची आणि परत यायची तेव्हा केस डोक्याला चप्प बसलेले असायचे. हातात कागदात बांधलेले सुके बोंबील. बोंबलांचा मात्र मी संशय घेतला नाही. मरोळच्या बाजारात सुकी मासळी छान मिळते, हे सगळ्या मुंबईला माहीत आहे.

एकूण पुराव्यावरून मी निष्कर्ष काढला. बाईसाहेबांना मागे महाराणीसारखं बसायचं आहे आणि त्यासाठी भावाला हाताशी धरून मला सोफासेट चालवायला लावायचा आहे. मग मीही हट्टाला पेटलो. घेईन तर स्पोर्टीच!

तयारी मी घरीच सुरू केली. जेवणाची खुर्ची उलटी करायची, तिच्यावर पोट टेकायचं, पाय मागे दुमडायचे आणि हातात लाटणं आडवं धरायचं. ही झाली स्पोर्टी. मग सोफ्यावर ऐसपैस बसून, पाय टीपॉयवर टाकून, तेच लाटणं छातीसमोर धरायचं. ही टूरिंग. एकदा मी स्पोर्टीवर असताना, तोंडाने आवाज काढत पवईचं वळण घेत होतो, तेवढ्यात सुलभा आत आली.

"लाटणं द्या," ती म्हणाली. "पोळ्या करायच्यात."

आणि चक्क हसली. ओरडली असती तर मी समजू शकलो असतो. हसली, म्हणजे नक्कीच काहीतरी शिजत होतं.

शेवटी चाचणीचा दिवस ठरला. पक्या आम्हाला त्याच्या गाडीतून मढला घेऊन गेला. आल्विनने कोळीवाड्याच्या तोंडाशी एका बंगल्याचं आवार मिळवलं होतं. फाटकाबाहेर अरुंद गल्ली आणि गल्लीपलीकडे बांबूच्या मांडवावर ओळीने वाळत घातलेले बोंबील. दोन्ही गाड्या आवारात उभ्या होत्या. स्पोर्टी लालभडक, पुढे दोन चाकं, मागे एक, नाक जमिनीला लावलेलं. टूरिंग काळी, भारदस्त, पुढे एक चाक, मागे दोन.

सुलभाने पिशवीतून नारळ काढला. मग हळद-कुंकू. मग लिंबं.

"चाचणीला नारळ?" मी विचारलं. "गाडी कुठे घेतलीय अजून?"

"चाचणीसुद्धा शुभ नको व्हायला?" ती म्हणाली आणि सरळ टूरिंगकडे गेली.

म्हणजे यांचं ठरलेलं होतं! मी तडक स्पोर्टीवर बसलो. बसलो कसला, पालथा पडलो. हनुवटी मीटरवर, कोपरं गुडघ्यांना, कंबर आकाशाकडे. गाडी सुरू केली आणि खोटं कशाला सांगू, झकास पळाली. आवाराला एक फेरी मारून मी ऐटीत सगळ्यांसमोर येऊन थांबलो. खाली उतरलो. आणि सरळ उभा राहायला गेलो तर पाठ येईना. पाठ अजून गाडीवरच होती!

मी काटकोनात, जमिनीकडे बघत उभा.

"अंकल, काय पडला काय?" आल्विनने विचारलं.

"किल्ली," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

मग आल्विन आणि पक्या दोघेही माझ्यासारखेच वाकून किल्ली शोधायला लागले. किल्ली गाडीलाच होती. सुलभाने ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या कमरेत एक जोरदार बुक्की घातली. कट्ट असा आवाज झाला आणि मी सरळ झालो.

"आता यावर बसा," ती टूरिंगकडे बोट दाखवत म्हणाली.

टूरिंगच्या चाकांखाली लिंबं लागली होती. पुढच्या चाकापुढे एक, मागच्या दोन चाकांपुढे एकेक. आणि इथेच घोळ झाला. आमच्या घरात तीन ही संख्या चालत नाही. ताटात तीन पोळ्या वाढत नाहीत, ओटीत तीन फळं घालत नाहीत. सुलभाने तीन लिंबांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"तीनच होतात गं ताई," पक्या म्हणाला. "चौथं कुठे लावायचं? स्टेपनी पण नाय."

बरीच चर्चा झाली. शेवटी चौथं लिंबू मागच्या उजव्या चाकाच्या पाठीमागे ठेवायचं ठरलं. मी बसलो, नारळ फुटला, गाडी पुढे घेतली. तीन लिंबं फटाफट फुटली. चौथं मागेच राहिलं, हिरवंगार आणि अखंड.

"ते फुटायलाच पायजे!" पक्या ओरडला. "नायतर अपशकुन!"

"मागे घ्या ना अंकल," आल्विन म्हणाला. "हिला रिव्हर्स आहे. डाव्या मुठीजवळ बटण. दाबून धरायचा."

मोटरसायकलला रिव्हर्स! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी बटण दाबलं आणि गाडी गुरगुरत मागे निघाली. लिंबू चाकाला लागलं, टुणकन उडालं आणि घरंगळत फाटकाबाहेर गेलं. मी दचकून मूठ घट्ट आवळली. बटण मुठीतच! जितका घाबरलो तितकी मूठ आवळत गेलो, आणि जितकी आवळली तितकी गाडी मागे जात राहिली. इतका सावकाश अपघात मुंबईत कधी झाला नसेल. फाटक आलं, गेलं. गल्ली आली. एक मांजर शांतपणे उठून बाजूला झालं. सुलभा माझ्या शेजारून चालत होती.

"बटण सोडा. अहो, अंगठा उचला! अंगठा!"

त्याही अवस्थेत मला संशय आला. हिला कसं ठाऊक की बटण अंगठ्याखाली असतं?

तेवढ्यात पाठीमागे कडकड आवाज झाला, बांबू वाकला आणि वाळलेले बोंबील माझ्या डोक्यावर, खांद्यावर, मांडीवर टपाटप पडायला लागले. मग कुठे माझी मूठ सुटली. झोपडीतून एक कोळीण पदर खोचत बाहेर आली.

"काय रं ए! डोले फुटले का तुजे? माजं म्हावरं!"

मी तोंडावरचा बोंबील काढला. "मावशी, माफ करा, ते लिंबू..."

पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती सुलभाकडे बघून एकदम फुलली. "अगो सुलभाताय, तू हाय! गेल्या रव्वारी बोंबील बेस निघालं ना?" मग माझ्याकडे नीट निरखून बघत तिने विचारलं, "ह्योच काय तुजा मागं बसनारा?"

पक्या मोबाईलमध्ये बघायला लागला. मोबाईल उलटा होता.

"मागे बसणारा?" मी म्हणालो. "कोण मागे बसणारा?"

सुलभा म्हणाली, "उतरा आधी."

मी उतरलो. तिने पिशवीतून हेल्मेट काढून घातलं (चप्प केसांचा उलगडा झाला!), पदर कमरेला खोचला, गाडीवर बसली, आणि बोंबलांच्या मांडवातून ती अवजड गाडी अशी अलगद बाहेर काढली की एकही बांबू हलला नाही. आवारात नेऊन तिने एक गोल फेरी मारली आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

"रविवारी इथे शिकत होते. पक्या आणायचा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर शिकू दिलं असतंत?" मग तिचा आवाज जरा उतरला. "इतकी वर्षं तुमच्या मागे डोळे मिटून बसले. त्या दिवशी तुम्ही पडलात ना, तेव्हा पहिल्यांदा मी डोळे उघडे ठेवून उडी मारली, आणि तुम्ही गाडीखाली पडलेले दिसलात. फार घाबरले मी. मला आता मागे बसायचं नाही. पण मालवणला जायचंय. तुम्हाला घेऊन."

मला खूप बोलायचं होतं. फसवणूक, कारस्थान, विश्वासघात असे भारी शब्द जिभेवर आलेही होते. पण अंगावरून बोंबील गळत असताना माणसाला रुबाबात रागावता येत नाही. आणि खरं सांगतो, तिचे डोळे भरलेले बघून ते सगळे शब्द मी परत गिळले. मी म्हणालो, "आणि ते स्वेटर?"

"कसलं स्वेटर! मागची टेकायची गादी तुमच्या पाठीच्या मापाने शिवून घेतली. बसून बघा."

पक्याने मांडवाचा बांबू सरळ करून दिला, सांडलेले बोंबील आम्ही सगळेच्या सगळे विकत घेतले, आणि चौथं लिंबू कोळीणबाईने गटारीच्या कडेवरून शोधून आणून दिलं. ते आता सुलभाने हँडलला दोऱ्याने बांधलंय. फुटलं नाही म्हणून अपशकुन नाही, ते अजून शिल्लक आहे म्हणून शुभ आहे, असा तिने निकाल दिला.

गणपतीआधी आम्ही मालवणला जाऊन आलो. वळणावळणाला मी मागून सूचना देत होतो असं मला आठवतंय. सुलभाचं म्हणणं, पनवेलनंतर मी गादीला टेकून घोरत होतो आणि थेट चिपळूणला चहाला उठलो. आता एवढ्या टापटिपीने शिवलेल्या गादीवर माणसाला झोप लागली तर त्यात त्याचा काय दोष?

चालवणाऱ्याच्या आरामाला स्पोर्टी बरी की टूरिंग, यावर मी त्या उन्हाळ्यात खुर्ची, सोफा आणि लाटणं घेऊन एवढा अभ्यास केला. सगळ्यांवर संशय घेतला. फक्त चालवणारा मीच, याबद्दल मला एकदाही शंका आली नाही!