कार्ड चालणारा हार्टवाला

खडकीच्या सरकारी फॅक्टरीतून आम्ही चौघं मित्र रिटायर झालो, तेव्हापासून रोज सकाळी चहाला भेटतो. पूर्वी किस्से साहेबांचे असायचे, आता डॉक्टरांचे. रोज एक तरी भर पडतेच!

*

जिना चढताना माझ्या छातीत भरून यायला लागलं. पण उपचारांचं आमचं सरकारी कार्ड चालेल असा हार्टचा डॉक्टर मिळेना. कर्वेनगरात एका हॉस्पिटलबाहेर पाटी दिसली : 'सरकारी कार्ड चालेल.' काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "ते बंद झालं, काका."

"मग ही पाटी?"

"पाटी चालू आहे."

*

दुसरीकडे कार्ड चालत होतं, पण फक्त हाडांसाठी! बायको म्हणाली, "अहो, आलोच आहोत तर गुडघा दाखवून घ्या!"

*

आमच्यातला गायकवाड माझ्यानंतर आजारी पडला आणि माझ्याआधी बरा झाला! कसबा पेठेत त्याला डॉक्टर मिळाला, कार्ड चाललं, स्टेंटही बसला. वर रोज ऐकवायचा, "डॉक्टर खुर्चीतून उठून बोलतात रे माझ्याशी!" माझा चहा कडू व्हायचा.

शेवटी मन मारून डॉक्टरांचं नाव विचारलं. तर म्हणतो, "नको रे, गर्दी होईल तिथे."

एका डब्यात जेवलो आम्ही, आणि मी गर्दी!

*

बायकोनं गायकवाड वहिनींना फोन लावला. नाव, पत्ता, वेळ, सगळं लगेच मिळालं. वर निरोप : "भावजींना आजच जायला सांगा. आमच्या ह्यांचं काय ऐकता? हे स्वतःला डॉक्टरांचे जावई समजतात!"

*

डॉक्टरांनी बीपी मोजलं. "एवढं? काही टेन्शन आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"आहे," बायको म्हणाली. "गायकवाड नाव त्याचं."

"अरे वा, गायकवाड! फार गोड माणूस!"

बीपी परत मोजावं लागलं.

*

तपासणीत दोन ब्लॉक निघाले. "थांबू नका," डॉक्टर म्हणाले. बायकोनं लगेच पर्समधून कार्ड काढलं. ते मंजूर झालं आणि दोन स्टेंट बसले.

दुसऱ्या दिवशी गायकवाड शहाळं घेऊन आला. माझा हात धरून बसला, डोळेही पुसले त्यानं. तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. हा ताडकन उठला.

"डॉक्टर, एक विचारू? आम्ही दोघं एकाच ग्रेडला रिटायर झालो."

"बरं, मग?"

"मग ह्याला दोन आणि मला एकच?"