दुसरं चाक कोणी धरलं होतं?

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते आणि हसते, हे आधीच सांगून टाकते. पिंपळ, पैंजण, मागून आलेली हाक... घरात मला नास्तिक म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. वसमतकडच्या एका साखर कारखान्यात वर्कशॉपच्या स्टोअरला माझी नोकरी. बेअरिंग, बोल्ट, ऑइल सील यांच्यातच आयुष्य गेलं. माणसं थापा मारतात, लोखंड मारत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवायची. आता ऐकवत नाही. आणि हो, रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. भर दुपार होती आणि अंगणात शेंगा वाळत होत्या.

माझं माहेर औंढा तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे. तिथं माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी राहायचे. दादाकडे एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप. कालव्याचा सर्व्हे असो, धरणावरची मासळी असो, की पावसाळ्यात अडलेली बाळंतीण... काळ्या मातीत बैलगाडी रुतते तिथून ही जायची, कारण हिच्या मागच्या डिफरन्शियलला लॉक आहे.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात — वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. ती मोकळीक डिफरन्शियल देतं. चिखलात मात्र तीच मोकळीक नडते. एक चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म. म्हणून दोन सीटच्या मधला लिव्हर ओढून लॉक लावायचा, की दोन्ही चाकं बरोबरीनं फिरतात. चिखल संपला की लॉक काढायचाच. नाही निघाला तर डांबरी रस्त्यावर गाडी वळायला मागत नाही, टायर घासतात, ॲक्सलसुद्धा तुटू शकतो.

गेल्या पावसाळ्यात दादानं शेतातल्या चिखलातून गाडी काढली, शेडमध्ये लावली, घरात आला आणि पडला. लकवा. उजवी बाजू गेली. बोलणं इतकं जड झालं की ते फक्त वहिनींना कळायचं. गाडी तशीच उभी राहिली, लॉक लागलेला, आणि महिनोन्महिने गंजत राहिला. हिवाळ्यात दादाला पुन्हा नांदेडला दवाखान्यात ठेवावं लागलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला.

वहिनींचा फोन आला. "वन्सं, परवा सोडून राहिले. पर ह्ये ॲम्बुलन्सला न्हाईच म्हणून राहिले. माझ्या गाडीत येतो म्हणतेत, म्होरल्या सीटवर बसून. लई हट्ट करून राहिले बगा."

"त्याला सांगा, गाडी येते," मी म्हटलं.

बोलून बसले खरी. औंढ्याच्या मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, सगळं खोलावं लागंल. आठ दिस तरी धरा." आठ दिवस कुठून आणायचे? माणसानं शेवटी मागून मागितलं काय, तर स्वतःच्या गाडीतली जागा. तेवढंही जमू नये? मी रजा टाकली, माहेरी गेले आणि साडीवर दादाचा शर्ट चढवून कामाला लागले.

तो लॉक पूर्वीही अधूनमधून अडकायचा आणि सोडवायची आमची पद्धत ठरलेली होती. मागची दोन्ही चाकं उचलायची, ॲक्सलखाली लाकडी ठोकळे, गाडी न्यूट्रलला, लॉकचा लिव्हर सोडलेला. मग एकानं डावं चाक घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं उजवं चाक हिसके देत मागं-पुढं करायचं. आतले दात जरा सैल झाले की टक् आवाज येतो... सुटलं! मी माहेरी असले की हे काम आम्हा दोघांचं. डावं चाक दादाचं, उजवं माझं. पण दादा सरळ धरेल तर शपथ. आधी जरासं सोडायचा, मला वाटायचं जिंकले, की लगेच आपल्याकडे ओढून घ्यायचा. वर पलीकडून विचारायचा, "काहून गं मंगल, कारखान्यात खायला देत न्हाईत का?" मी शिव्या घालायची. तो आणखी हसायचा.

त्या दिवशी डावीकडं कुणीच नव्हतं. आळीतले सगळे शेतात. मी सांध्यांवर डिझेल सोडलं, लॉकच्या केबलला तेल दिलं, डावं चाक दोरीनं शेडच्या खांबाला बांधलं. पण मी हिसका दिला की दोरी ताणली जायची आणि ते चाक गुमान माझ्या चाकामागं यायचं. दुपारपर्यंत हाताला फोड आले. रडकुंडीला आले होते, खोटं कशाला बोलू. दोरी नव्यानं बांधावी म्हणून सोडून टाकली आणि दम खायला उजव्या चाकापाशी येऊन बसले. हात सहज टायरवर टेकला, जरा ढकललं.

चाक हललं नाही.

आता हे नीट ऐका. जाम झालेलं चाक मला कळतं, ते दगडासारखं असतं. हे जाम नव्हतं. हे धरलेलं होतं. मी जोर लावला तर चार बोटं आलं, थांबलं आणि मग माझ्या हाताविरुद्ध परत गेलं. कुणी ओढून घ्यावं तसं.

मी वाकून गाडीखालून पलीकडं पाहिलं. ऊन, दोन कोंबड्या, मातीत पडलेली दोरी. पाय कुणाचेच नव्हते.

भीती वाटायला हवी होती ना? मला राग आला. तोच जुना, हरतानाचा. मी दात-ओठ खाऊन चाकाला झोंबले. पलीकडूनही जोर लागला. मी सोडलं की तो सोडायचा, मी ढकललं की तो ओढायचा... किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मी घामाघूम झाले होते आणि खरं सांगते, मजेत होते. मग टक् झालं. चाक एकदम मोकळं फिरलं आणि मी तोंडावर आपटता आपटता वाचले. डावं चाक उलट दिशेला फिरत होतं, लॉक सुटल्यावर फिरायला हवं तसंच.

"दादा, सुटलं!" मी ओरडले. सवयीनं. मग माझं मलाच कसंतरी झालं.

पलीकडं जाऊन पाहिलं. टायरवर पावसाळ्यातली वाळलेली माती होती तशीच. बोटांचे ठसे वगैरे काही नाही, असते तर मीच ते खोटं मानलं असतं.

हात धुतच होते तेवढ्यात वहिनींचा फोन. आवाजात इतका आनंद कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "वन्सं, आवं ह्यांचा हात हालला! उजवा! डोळे मिटून पडले होते आन मूठ वळून मागं-म्होरं, मागं-म्होरं... म्या धरला तर मलाबी आवरंना. घामानं वले झाले बगा. अन् आता झोपलेत गुमान."

डॉक्टर म्हणाले, अशा रुग्णांच्या स्नायूंना झटके येतात. असेल. ब्रेक शू चिकटला असेल, असं मीही स्वतःला सांगून पाहिलं. पण चिकटलेला शू चाक अडवतो, ओढत नाही. वहिनींना मी "गाडी तयार आहे" एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मीच गाडी चालवली. दादा पुढच्या सीटवर, कडेला उशी लावलेली, अंगावर धुतलेला सदरा. औंढ्याच्या वळणावर गाडी लोण्यासारखी वळली. त्यानं कान देऊन टायरचा आवाज ऐकला आणि माझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. विचारायचं होतं... मागं वहिनी बसल्या होत्या. घरी जाऊन विचारू म्हटलं.

मग दर रविवारी जायची आणि दर रविवारी राहून जायचं. त्याचं बोलणं मला कळत नव्हतं, म्हणजे विचारायचं तर वहिनींना मधे घ्यावं लागणार. ही एक सबब. खरं कारण वेगळं होतं. तो 'नाही' म्हणाला असता तर? 'कसला हात, कसलं चाक' म्हणाला असता तर मला मिळालेली ती दुपार गेली असती. एकदा वहिनी चुलीपाशी असताना मी त्याचा उजवा हात हातात घेऊन हळूच ढकलला आणि थांबले. हात गेला तिकडं पडून राहिला. त्यानंतर माझी हिंमतच झाली नाही.

महिन्याभरानं, हळद शिजवायच्या दिवसांत, दादा गेला.

तेरावं झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "वन्सं, एक इचारू? तुमचं आन ह्यांचं काय ठरलं व्हतं का?"

"काय ठरणार?"

"आवं, दर आइतवारी सकाळी मला म्हणायचे, आज मंगल इचारंल बग. आन तुमी गेल्यावर म्हणायचे, आजबी इचारलं न्हाई. काय इचारायचं व्हतं तुमाला?"

"गाडीचं होतं थोडं," मी म्हणाले, आणि उठून शेडकडं गेले.

माझ्याकडं आजही याचं स्पष्टीकरण नाही. वाचकांपैकी कुणी देईल असंही वाटत नाही. ज्याला ठाऊक होतं तो महिनाभर सांगायला तयार होता, आणि मी दर रविवारी त्याला 'जेवलास का' एवढंच विचारून परत आले.