शेजारचा चौकोन

खो-खोला नऊ मुली लागतात. उरणकडच्या त्या छोट्या हायस्कुलात सगळ्या वर्गांच्या मिळून खेळण्याजोग्या मुली होत्या आठ. पहिल्या दिवशी मी दप्तर घेऊन दारात उभी राहिले, तर मागच्या बाकावरची एक ओरडली, "आली गो आली! आता आपला संघ हाय!" मला धावता येतं का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

धावता येत नव्हतंच. गिरगावातल्या आधीच्या शाळेत मी कशातच नव्हते, ना संघात, ना गाण्यात, ना बाईंच्या लक्षात. वडिलांना न्हावा शेव्याच्या बंदराच्या कामावर नोकरी लागली आणि आम्ही खाडी ओलांडून आलो, तेव्हा पोरीच्या शिक्षणाचं वाटोळं केलंत म्हणून नातेवाइकांनी वडिलांचं डोकं खाल्लं. वाटोळं झालं असेल तर फार झकास झालं. कौलारू शाळा, तीन खोल्या. शिपाई रजेवर असला की ज्याला आठवेल तो घंटा वाजवायचा, आणि मधल्या सुट्टीनंतर सहसा कुणालाच आठवायचं नाही. हेडमास्तर भूगोल शिकवायचे, इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी शिट्टी घेऊन मैदानावर यायचे. गृहपाठ राहिला तर म्हणायचे, "उद्या आण. उद्या विसरशील, तर परवा आण." मी इतकी हसले नव्हते कधी. आईला वाटायचं, ही मुलगी वाया चालली.

मैदानावर माझ्या शेजारच्या चौकोनात बसायची ती मिठागरावर काम करणाऱ्या बाईची मुलगी. घरात दोघीच, आई आणि ती. सगळ्यांत चपळ तीच. माझ्यावर खेकसायची, "मागं बगू नको. पायांचा आवाज आयक. पाठीत हात पडला का ऊठ, आन उठल्यावर कुनीकडं पलायचं ते आपन ठरवायचं. दुसऱ्या कोनी नाय." शेजारच्या चौकोनांत तोंडं उलट दिशांना असतात, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींकडे न बघताच बोलायचो. मी तोंडावर आपटले की तीच सगळ्यांत मोठ्याने हसायची आणि तीच गुडघ्यावर दगडीपाला चोळायची. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की मी नसले तर कुणाचं तरी अडेल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. कावीळ झालीय म्हणाले. गावातल्या औषधवाल्याने नाकात पाला पिळला, मग पनवेलला नेलं, आणि तिथून ती परत आली ती आम्हाला बघवली नाही अशी. तिच्या अंगणात आम्ही आठजणी एका रांगेत उभ्या राहिलो. तिची आई रडत नव्हती. येणाऱ्या प्रत्येकीला ती पाणी देत होती.

काही दिवसांनी सरांनी पुन्हा शिट्टी वाजवली. म्हणाले, "सरकून बसा, जागा भरून काढा." कुणी सरकलं नाही. तसं आम्ही ठरवलं नव्हतं, पण सातजणी आपापल्या जागी बसल्या, तिचा चौकोन तसाच राहिला आणि डाव सुरू झाला. धरायला मी. समोर पळायला नववीतला एक मुलगा.

तो माझ्या हाताला लागत नव्हता. दम लागला, घाम डोळ्यांत गेला, आणि सवयीने मी तिच्या चौकोनाकडे वळले, हात पुढे केला आणि ओरडले, "खो!" खो दिला की उठलेलीच्या जागी आपण बसायचं असतं. तशी मी खाली बसलेही.

म्हणजे आता आम्ही आठच्या आठजणी बसलेल्या होतो. धरायला कुणीही नव्हतं. आणि तो मुलगा पळत होता.

तो नुसता पळत नव्हता. मागे बघत होता, हुलकावणी देत होता, खांबाला वळसा घालून अंग चोरत होता. मग सरांच्या तोंडातून शिट्टी पडली, आणि तो थांबला आणि त्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला अजून कधीकधी भर दुपारी, घरात कामं करताना, त्याच्या मागे बघण्याची आठवण येते आणि मान गार पडते.

गावात बोभाटा झाला. ती मैदानात उठते म्हणे. आयांनी मुलींना मैदानावर पाठवायचं बंद केलं. कुणी म्हणालं, नारळ फोडून तिला लावून द्या, म्हणजे पुन्हा परत यायची नाही. शाळा सुटली की आम्ही सरळ घरी, आणि घरी मी खिडकीत बसून रडायची. तिच्यासाठी किती आणि खेळासाठी किती, हे मला वेगळं करता येत नव्हतं.

शेवटी सरांनी मला आणि त्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "सवयीनं पळलो, सर." राहिले मी. सर म्हणाले, "तिथं काहीच नव्हतं, एवढं तू उद्या पालकांसमोर सांग. परवापासून खेळ सुरू." मी आनंदाने मान हलवली. सांगणारच होते. खरं विचाराल तर हाताखाली काही लागलं होतं की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

दप्तर घेऊन बाहेर आले, तर मैदानाच्या कडेला तिची आई उभी. मिठागरावरून तशीच आली होती. पोटऱ्यांवर मिठाचे पांढरे डाग, डोक्यावर रिकामी टोपली.

"तिची जागा कंची गो?"

मी दाखवली. ती तिथे गेली, टोपली खाली ठेवली आणि मुलींसारखी बसायला गेली. तिला तसं बसता येईना, म्हणून मांडी घातली. मी तिच्या मागे उभी. तिची पाठ माझ्यासमोर होती, अगदी हात पुढे करायच्या अंतरावर.

"तू तिला खो दिलास?"

"हो, काकी."

"लोक म्हंतान ती उठली. आता ते तिला लावून देतील. मना फकस्त तू सांग. उठली का माजी पोर?"

नाही म्हटलं असतं तर परवा आमचा खेळ सुरू झाला असता. हो म्हटलं तर मैदान कायमचं गेलं, हेही मला कळत होतं. ज्या एका ठिकाणी मला कुणी मोजत होतं ते ठिकाण. मला तिची भीती वाटत होती, तिच्या पाठीची भीती वाटत होती, आणि तिथून पळून जावंसंही वाटत होतं. पण त्या बाईने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याने नाही म्हणवेना.

"उठली," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले. मग अगदी हळू विचारलं,

"कुनीकडं धावली?"

मैदानाच्या एका अंगाला खाडी होती, दुसऱ्या अंगाला गावाची वाट. मी काही विचार केला नाही. गावाच्या वाटेकडे हात केला.

"तिकडे. घराकडे."

ती दचकून उभी राहिली. चेहरा एकदम घाबराघुबरा झाला, तव्यावर भाकरी विसरून आलेल्या बाईसारखा.

"आगं माजे आये," ती म्हणाली, "मी दाराला कडी लावून आयले!"

आणि टोपली तिथेच टाकून ती घराकडे धावत सुटली.