सोबतीला दिलेली पोरगी

माणमध्ये आयटी पार्कला जमिनी गेल्या आणि आमच्या गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. एका खोलीत लातूरकडचं कुटुंब आलं. वडील हिंजवडीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये. त्यांची पोरगी माझ्याच वर्गात, अकरावीला. आमच्याकडं वयात आलेल्या पोरीनं एकटीनं बाहेर पडायचं नाही, सोबत लागते. भाऊ गावातल्या पोरांवर डोळा ठेवून असायचा. कुणी दोनदा वळून बघितलं की त्याचं काही खरं नसायचं. या भाडेकरूंच्या पोरीवर मात्र सगळ्यांचा जीव. आई तिला माझ्याआधी वाढायची आणि मला तिच्या हवाली करायची.

मला ती आवडायची. बाकीच्या पोरींना पोरगे आवडतात ना, अगदी तशी. तिलाही मी. कासारसाईच्या धरणावर आम्ही हे एकमेकींना सांगितलं, त्या दिवशी मी घरभर उगाच हसत हिंडले. मग तिचे कायदे सुरू झाले. कुणाशी बोलायचं, कुठली ओढणी घ्यायची, मोबाइलवर कुणाचा फोन आला. चुकलं की दंडाला आतल्या बाजूनं चिमटा, रक्त साकळेपर्यंत. एकदा केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, आणि वर माझ्याआधी तीच रडली. नको हे सगळं, म्हटलं की शांतपणे म्हणायची, "जा की. मी तुझ्या आईला आपल्या दोघींचं सांगते." सांगितलं असतं तर माझं कॉलेज त्याच दिवशी बंद आणि दिवाळीच्या आत लग्न. तिला ते पक्कं ठाऊक होतं.

बारावीत पुण्याहून एक बाई आल्या. प्रेमात पडलेल्या पोरींना किती मार बसतो, किती धाक असतो, ते त्या मोजत होत्या. चांगल्या होत्या हो, जीव तोडून समजावत होत्या. त्यांनी छापील कागद वाटले. मुलगा मारतो का? मुलगा धमकावतो का? मुलगा फोन तपासतो का? मेला प्रत्येक ओळीत मुलगा! बाकावर शेजारी ती, नजर माझ्या पेनावर. वाटलं, उठून विचारावं, अहो, मुलगी असली तर कुठं लिहू? पण मी पेन कागदावर टेकवलं. सगळीकडे 'नाही' लिहिलं. त्यात खोटं एकही नव्हतं. बाईंच्या मोजणीत मी सुखरूप.

पुढच्या आठवड्यात बाईंनी आयांची बैठक घेतली. पोरी सोसत राहतात आणि घरात पत्ता लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. आई आली ती तोंड उतरवूनच. मला जवळ बसवून विचारलं, "कुनी पोरगा तरास देतोय का तुला? खरं सांग." मला तिच्या गळ्यात पडून सगळं ओकायचं होतं. पण ही दारात उभी होती. मी न्हाई म्हटलं. आईचा जीव भांड्यात पडला. कुंपणच शेत खात होतं आणि ती माउली कुंपणाकडंच वळली.

"तू हायेस म्हनून बरं बाई," आई तिला म्हणाली. "आजपास्नं हिला नजरेआड करू नगंस."

"नाही करणार, काकू," ती म्हणाली.

तो शब्द तिनं पाळला.