छताकडे फिरवलेला आरसा

दादांना मी शेवटचं पाहिलं ते गाडीतच. काविळीने ते पार खंगले होते. खामगावच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, तेव्हा चौघांनी उचलून त्यांना मधल्या बाकावर निजवलं. डोकं मोठ्याबाईंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मांडीवर होतं. अंगणात अर्धं गाव जमलेलं. आमच्या ह्यांनी हँडल मारून इंजन चालू केलं आणि चाक हातात घेतलं. गाडी मागे घेत रस्त्यावर काढायची होती, आणि मागे मी उभी होते. तेवढ्यात दादांनी हात वर केला. आवाज अगदी खोल गेला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "थांब बे. मांगून आवाज येऊ दे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पदर सावरला आणि म्हटलं, "मोकळं आहे, येऊ द्या." मग दादांनी हात खाली घेतला आणि गाडी निघाली. दोन-तीन दिवसांनी हे परत आले तेव्हा गाडीत एकट्या मोठ्याबाई होत्या; दादांना तिकडेच अग्नी दिला होता. हे उतरले, आणि ओसरीच्या पायरीवर बसून राहिले.

दादा म्हणजे आमच्या ह्यांचे थोरले भाऊ, माझे भासरे. आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नाही, त्यांच्यासमोर तोंड उघडं टाकत नाही. म्हणून त्या दिवशी अंगणातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. भरल्या अंगणात दादांनी माझ्या आवाजासाठी गाडी का थांबवली, हे त्यांना माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते सगळे गाडीत होते, आणि एक सासूबाई दाराशी.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन चिखलीकडे आले. माझं माहेर संग्रामपूरचं, सपाट मुलखातलं. मी घाट पाहिला तो लग्नानंतरच. त्याच सुमारास दादांनी एका ठेकेदाराची जुनी गाडी विकत घेतली. सात माणसांची, पुढे दोन, मधे तीन, मागे दोन. मागे एकच दार, तेही बाहेरून कडी लावायचं. मी चौथी शिकलेली, मला इंजनातलं काय कळणार. पण दादा ओसरीवर बसून आल्या-गेल्याला गाडीचं सगळं सांगत आणि ते स्वैपाकघरात ऐकू येई, म्हणून मला पाठ झालं. चार सिलिंडर, तीन गेअर. पहिला गेअर गाडी पुरती उभी केल्याशिवाय पडत नाही. हातातल्या चाकाला इतकी ढील की अर्धी वीत फिरवलं तरी गाडीला पत्ता नसे. रिकामी असली तर खड्ड्या-खड्ड्यातून शेळीसारखी उडे, आणि सात माणसं बसली की मागून दबून शहाण्यासारखी चाले. दादा म्हणत, "हिले माणसं लागतात. रिकामी नेली तं रुसते."

हातब्रेक मात्र नावालाच होता. गाडी दादा चालवत. चढावर तिचा दम तुटला की थांबून पहिला गेअर टाकायचा, हातब्रेक शेजारी बसलेले आमचे हे दोन्ही हातांनी ओढून धरत, आणि तरीही गाडी हळूहळू मागे सरके. म्हणून दादांनी सुताराकडून बाभळीचा एक तिरपा ठोकळा करून घेतला. तो मागच्या चाकाखाली लावला की मग दादा ब्रेकवरचा पाय उचलून पेट्रोलच्या पायडलवर नेत. गाडी वर निघून गेली की ठोकळा उचलायचा आणि सपाटी येईपर्यंत चालत जायचं. हे काम माझ्याकडे कसं आलं, तर मी मागे बसत होते म्हणून. भासऱ्यांच्या नजरेआड म्हणून नव्या सुनेची जागा सगळ्यात मागे, आणि दार तिथंच.

पहिल्याच फेरीला, देवदर्शनाला निघालो तेव्हा, सासूबाईंचं लक्ष पुढच्या काचेवरच्या आरशाकडे गेलं. त्यातून मागचा बाक दिसे, म्हणजे मी दिसे. त्या म्हणाल्या, हा आरसा कशाला पाहिजे? दादा म्हणाले, मागून येणारी गाडी पाहायला. सासूबाईंनी विचारलं, या रस्त्याने दिवसभरात गाड्या येतात तरी किती? मग हात लांब करून त्यांनी स्वतःच तो आरसा छताकडे फिरवून दिला. दादा हसले. "बरं, माय. आता पाली दिसतीन." बाहेरचा आरसा त्या गाडीला नव्हताच. तेव्हापासून दादा पुढचं तेवढं पाहून गाडी चालवत.

मग ठोकळा लागला हे त्यांना कळायचं कसं? मी तर बोलणार नाही. तेव्हा आमच्या ह्यांनी तोड काढली की मी मागच्या पत्र्यावर दोनदा थाप मारावी. थापा ऐकल्या की दादा पाय उचलतील. मोठ्याबाई चिडवायच्या, "लहानी बोलत नाई, पण वाजते चांगली." मी पदरात हसत असे. मला ते बरंही वाटे. बोलण्यापेक्षा थाप मारणं मला सोपं होतं.

त्या उन्हाळ्यात माझ्या चुलत भावाचं लग्न संग्रामपूरला झालं. परतताना गाडीत पुढे दादा आणि हे, मधे सासूबाई, मोठ्याबाई आणि त्यांची झोपलेली मुलगी, मागे मी आणि लग्नातल्या बुंदीच्या टोपल्या. खामगाव मागे पडलं आणि दुपारच्या उन्हात आम्ही घाटाला लागलो. निम्म्या चढावर, अगदी वळणाच्या तोंडाशी, दुसऱ्या गेअरमध्ये इंजन गुदमरू लागलं. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला खाली झाडांचे नुसते शेंडे. दादांनी गाडी उभी केली. ह्यांनी हातब्रेक ओढला. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या उतरू शकत नव्हत्या, आणि उतरावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. दरवेळी होतं तसंच हे होतं.

मी ठोकळा घेऊन उतरले. रस्त्यावर नवी खडी पसरली होती. दरीकडच्या चाकामागे ठोकळा ठेवला तो खडीवर डुगडुगला. मी तो काढला आणि गुडघ्यावर बसून हाताने जागा साफ करू लागले. चाक माझ्यापासून हातभर अंतरावर. त्याच वेळी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या.

मी मारल्या नव्हत्या.

आतून दादांचा आवाज आला, "सोड." हातब्रेक खटकन खाली पडला आणि चाक माझ्याकडे फिरलं. मी ठोकळा पुढे सारला, तर चाकाने ठोकळा आणि माझा हात दोन्ही मागे रेटले. बांगड्या फुटल्या. माझ्या पाठीमागे रस्ता संपत होता. पळाले असते तर मी वाचले असते, पण मग गाडीला काहीच आडवं राहिलं नसतं. हे सगळं आता सुचतं. तेव्हा काही सुचलं नाही, फक्त ओरडले.

"दादा, दाबा! मी मांगं आहो!"

गाडी थांबली. टायर ठोकळ्यावर अर्धा चढून थांबला होता. इंजन बंद पडलं आणि एकदम इतकी शांतता झाली की झाडावरच्या पाखराचा आवाज ऐकू येऊ लागला. मग पुढून दादा म्हणाले, "लागलं काय तुले?" लग्न झाल्यापासून ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते. मनगटातून रक्त येत होतं. मी नुसतीच मान हलवली, जशी काही त्यांना ती दिसणार होती.

"ब्रेक खाली बसून राह्यला," दादा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "थापेवर आता माह्या भरवसा नाई. ठोकळा लाव, अन् तोंडाने सांग. तू बोलली नाई तं मी पाय उचलत नाई."

मी खडी बाजूला केली. ठोकळा चाकाला घट्ट भिडवला, वर पाय देऊन दाबून पाहिला. ह्यांनी उतरून हँडल मारलं, इंजन चालू झालं, हे परत आत गेले. आता फक्त माझं बोलणं बाकी होतं. ओरडणं आपोआप झालं होतं, त्यात माझं काही नव्हतं. पण हे जाणूनबुजून बोलायचं होतं, सासूबाई कान देऊन बसलेल्या असताना. गाडी थरथरत उभी होती, दादांचा पाय ब्रेकवरच होता. सासूबाई पुढे वाकल्या हे मला मागच्या काचेतून दिसलं. त्या मला दटावतील असं वाटलं.

मी म्हटलं, "झालं, दादा. चला."

गाडी खडी उडवत वर गेली. मी ठोकळा कमरेवर घेऊन मागोमाग चालत सपाटीवर पोचले, तेव्हा सगळे खाली उतरून उभे होते. मोठ्याबाईंनी आपल्या पदराची पट्टी फाडून माझं मनगट बांधलं. थापा कोणी मारल्या, हे कोणी विचारलंच नाही. सासूबाईच म्हणाल्या, "म्या मारल्या. उशीर होऊन राह्यला, मले वाटलं झालं असन." बोलताना त्या माझ्या बांधलेल्या मनगटाकडे बघत होत्या. सवाष्णीच्या हातात बांगडी नाही म्हणून असेल, किंवा दुसऱ्याही कशासाठी असेल. मग त्यांनी आपल्या हातातली एक पाटली काढली आणि माझ्या चांगल्या हातात चढवली.

दादा गाडीत बसले. त्यांनी आरसा धरून सरळ केला आणि मागचा बाक दिसेपर्यंत फिरवला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, सून हाये ते."

"म्हणूनच, माय," दादा म्हणाले.

तो आरसा पुन्हा कोणी फिरवला नाही. दादांनी त्यात पाहिलं ते रस्ता पाहावा तसंच. पुढे बाजाराच्या दिवशी, लग्नांना, बाळंतिणींना नेताना-आणताना गाडी शेकडो वेळा चढावर उभी राहिली, आणि माझं "झालं" ऐकल्याशिवाय दादांनी कधी पाय उचलला नाही. गाडी नवा ब्रेक बसवून आणली तरी विचारायचे. मागे घेताना, वळवताना, गोठ्यात लावतानासुद्धा विचारायचे, "मांगं कसं हाय?" मी सांगायची. हळूहळू मीही दोन शब्द जास्त बोलायला लागले. टायर बसला आहे, डाव्या अंगाला दगड आहे, आज गाडी मागून फार दबते. दादा ऐकून घ्यायचे आणि खरंच खाली उतरून पाहायचे. घरात कुणी माझं इतकं ऐकत नव्हतं.

पण हे सगळं गाडीपुरतं. घरात रीत होती तशीच राहिली, आणि दोघांनाही ती मोडावीशी वाटली नाही. दादांची खाट समोरच्या खोलीत असे. आडाचं पाणी आणायला त्या खोलीतून सरळ वाट होती, पण मी कधी तिथून गेले नाही. घागर घेऊन मागच्या दाराने निघायचं, गोठ्याला वळसा घालायचा आणि अंगणाच्या कडेने आडावर जायचं. भर उन्हात तो फेरा लांब वाटे. कधी मी विसरून खोलीच्या उंबऱ्याशी आले, तर दादा हळूच खाकरत आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मला जाता यावं म्हणून. तरी मी जात नसे.

परवा मी वळसा घालून आले ते सासूबाईंना कळलं. त्यांना आता नीट दिसत नाही, पण घागर कोणत्या बाजूने आली हे त्या आवाजावरून ओळखतात. म्हणाल्या, "आता काऊन इतकी फिरते व? सरळ जात जाय. कोण हाये तिथं?" म्हणून संध्याकाळी मी रिकामी घागर घेऊन समोरच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले. खाट तशीच होती. गादी गुंडाळून ठेवली होती, भिंतीला डोक्याच्या तेलाचा काळपट डाग होता. पलीकडचं दार सताड उघडं, त्यातून आड दिसत होता, चार पावलांवर. मी उभी राहिले. खोलीत कोणी खाकरलं नाही... मग घागर दुसऱ्या कमरेवर घेतली आणि मागच्या दाराने, गोठ्याला वळसा घालून, पाण्याला गेले.