‘पराग शांत आहे’ : बावीस सह्या

किस्से गोळा करायला आम्हाला कुठे जावं लागत नाही हो, ते आपल्या पायांनी चालत येतात! इथे परदेशात दर शनिवारी सकाळी आमच्या इमारतीखालच्या एका खोलीत टेबल टाकून मी आणि नंदाताई बसतो. नंदाताई नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नर्स, मी चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कात एचआरमध्ये. घरात मार खाणाऱ्या बायकांना फॅमिली कोर्टाचा अर्ज भरायला मदत करायची, एवढंच काम. पण दोन तासांत जे कानावर पडतं, त्यानं डोकं फिरतं. नुसतं अश्विनीच्या केसचंच सांगते.

अश्विनीला फार काही नको होतं. दारात किल्लीचा आवाज आला की हातातलं काम टाकून कोपऱ्यात सरकावं लागतं, ते लागू नये, एवढंच.

* * *

अश्विनी आमच्याकडे येते हे कळल्यावर तिच्या नवऱ्याचा, परागचा, मला फोन. बँकेत आयटी मॅनेजर, बोलणं एकदम गोड. मी त्याला कायदा समजावला. दुखापत करणं, दुखापतीची भीती घालणं, कोंडून ठेवणं, सतत छळणं, यातलं काहीही केलंस तर कोर्ट तुझ्याविरुद्ध ऑर्डर देऊ शकतं. ती मोडलीस तर सरळ गुन्हा.

सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ओके. पण वर्षाला किती वेळा अलाउड आहे?"

अरे, ही काय कॅज्युअल लीव्ह आहे?

* * *

मग अर्ज. ‘काय घडलं ते लिहा’ अशा रकान्यात अश्विनीनं सुरेख अक्षरात लिहिलं, "त्यांनी उलथन्यानं हातावर मारलं. पण पोळी करपली होती." खाली, "त्यांनी ढकललं. पण त्या आठवड्यात त्यांच्यावर प्रोजेक्टच्या गो-लाइव्हचा ताण होता."

नंदाताईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई गं, हा तुझा अर्ज आहे की त्याच्या वकिलाचा?"

तीनदा नवीन कागद दिला. तिसऱ्या वेळेला सगळे ‘पण’ गेले. मी सुटकेचा निःश्वास टाकते तोवर ही विचारते, "खाली ‘स्वभावानं चांगले आहेत’ असं लिहायला जागा आहे का?"

* * *

पुढचे दोन शनिवार अश्विनी आलीच नाही. परागनं तिला सांगितलं होतं, "तुझा इथे राहायचा पास माझ्या नोकरीच्या पासवर आहे. एक ईमेल टाकला की तू विमानात!"

आता ऑफिसात मी दिवसभर हेच पासांचं काम करते. तिला फोन करून म्हटलं, पास त्याच्या नोकरीवर आहे हे खरं, त्याचं आपण बघू. पण म्हणून त्याला हात उगारायचं लायसन्स मिळत नाही! शेवटी आली एकदाची. आम्ही अर्ज केला. कोर्टानं सुनावणीपर्यंतची तात्पुरती ऑर्डर दिली, आणि पराग मित्राकडे राहायला गेला.

चौथ्या दिवशी अश्विनीचा फोन. मला वाटलं, आला वाटतं हा दारात!

"ताई, त्या ऑर्डरमध्ये डबा पाठवू नये असं काही लिहिलंय का? त्यांना बाहेरचं सोसत नाही."

मी फोन नंदाताईकडे दिला. माझ्या तोंडून त्या दिवशी काय निघालं असतं, देव जाणे.

* * *

मग परागच्या मित्रमंडळींनी त्याला कोर्टात दाखवायला पत्र दिलं. गणपतीत सूत्रसंचालन करतो, सोसायटीत कधी आवाज चढवत नाही, पराग शांत आहे, वगैरे. खाली अकरा जोडप्यांच्या बावीस सह्या! म्हणजे याच्या घरात बंद दाराआड काय चालतं, ते या बावीस जणांना ठाऊक.

सोमवारी दुपारी त्यातल्याच एका बाईंचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"त्या पत्रावर माझी सही आमच्या ह्यांनीच ठोकलीये. तुमच्याकडे तसला अर्ज अजून एखादा आहे का हो?"

* * *

अश्विनीला शेवटी पक्की ऑर्डर मिळाली. पण त्याचं श्रेय माझं नाही, नंदाताईचंही नाही.

परागनं केस लढवली. त्याची आई मागच्या दिवाळीपासून तीन महिने त्यांच्याकडे राहून गेली होती, म्हणून साक्षीला तिलाच साताऱ्याहून विमानाचं तिकीट काढून आणलं. सुनावणीआधी बाहेरच्या बाकावर हा तिची उजळणी घेत होता. "आई, पाहिलं नाही, एवढंच म्हणायचं." मी समोरच बसले होते. अश्विनीनं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं बधिर झाली. सासूबाई नुसत्या मान डोलवत होत्या. संपलं सगळं, असं मला वाटलं.

आत काय झालं ते अश्विनीनं बाहेर आल्यावर सांगितलं. कोर्टाच्या दुभाषी बाईंनी मराठीत विचारलं, "तुमच्या मुलानं सुनेला मारताना तुम्ही पाहिलंय का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

पराग खुर्चीत सैलावून बसला.

"कशी पाहणार? त्याचा हात उठला की मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेते. माझ्या सासूबाईही तसंच करायच्या."