ठोके सावरले, गोळ्या मात्र राहिल्या

"तुमच्या हृदयाचा ताल बिघडलाय," ईसीजीची पट्टी माझ्यापुढे धरत डॉक्टर म्हणाले. "याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात."

म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. जिना चढताना धाप लागायची, छातीत फडफडायचं, ते मी वयावर ढकलत होते. शाळेतून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं.

गोळ्यांनी ठोके आटोक्यात येईनात, तेव्हा ॲब्लेशन करायचं ठरलं. यात मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि चुकीचे ठोके जिथून निघतात ती जागा उष्णतेने निकामी करतात. छाती उघडावी लागत नाही. मुलगा पुण्याहून रजा काढून आला. तो परत गेल्यावर माझ्याजवळ राहायला जेऊरहून थोरली बहीण आली, अक्का. आपल्या शेळ्या शेजारणीच्या हवाली करून.

घरी सोडताना नर्सने तीन गोळ्या समजावून सांगितल्या. एक ठोके हळू ठेवणारी, एक ताल टिकवणारी. तिसरी ब्लड थिनर, म्हणजे रक्तात गुठळी होऊ नये म्हणून. माझा चेहराच उतरला. एवढं सगळं करून घेतल्यावर गोळ्या सुटतील, अशी माझी समजूत होती.

डॉक्टर म्हणाले, "आतली सूज उतरायला वेळ लागतो. तोवर मधूनमधून फडफडेल. घाबरू नका, पण मनाने काही बंद करू नका."

फडफडलंच. एका दुपारी आडवी पडले होते, आणि छातीत पुन्हा तेच. सगळं वाया गेलं असं वाटून मी भिंतीकडे तोंड केलं. अक्काला बोलले नाही, तरी तिला कळलं. ती पायथ्याशी बसून माझे तळवे चोळत राहिली. हळूहळू ते आपोआप शांत झालं.

पुढच्या काही आठवड्यांत फडफड थांबली आणि चक्कर सुरू झाली. एकदा तवा उतरवायला वळले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. अक्काने मागून धरलं म्हणून पडले नाही.

"निमे, त्या गोळ्याच खायला लागल्यात तुला," ती कावून म्हणाली. "दे फेकून. लई झालं."

मलाही तसंच वाटत होतं, खरं सांगते. पण तिन्हींतली कुठली त्रास देतेय, हे मला कुठे ठाऊक होतं? नको ती बंद केली तर?

"अगं, आधी विचारू तर दे," म्हणत मी दवाखान्यात फोन लावला. त्यांनी लगेच बोलावलं.

बाकावर बसून वाट पाहताना मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं, पुन्हा बिघडलंय, पुन्हा ती नळी. अक्काने माझा हात धरला होता. दर मिनिटाला तीच दाराकडे बघत होती.

ईसीजी पाहून डॉक्टर चक्क हसले. "ताल छान आहे. फक्त ठोके फार हळू पडतायत. हृदय सावरलं, आता हे औषध त्याला जास्त होतंय."

ताल टिकवणारी गोळी बंद झाली. ठोके हळू ठेवणारी निम्म्यावर आली. ब्लड थिनर मात्र चालूच.

"ती का?" माझ्या तोंडून रडवेला आवाज निघाला.

"तुमचं वय, बीपी, शुगर बघता गुठळीचा धोका अजून आहे. ही चुकवायची नाही."

अक्का पुढे सरकली. "डॉक्टर, हिला मी आमच्याकडं नेनार हाय. तितं बाभळीचा काटा लागला तर रगत थांबंल न्हवं?"

"थांबेल, आजी. जरा जास्त वेळ दाबून धरायचं. नाहीच थांबलं, किंवा डोक्याला मार लागला, तर थेट दवाखाना. आणि अंग दुखतंय म्हणून दुकानातून गोळी आणून द्यायची नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो."

"व्हय. दाबून धरते की," अक्का म्हणाली.

तुमच्यापैकी कुणाचं ॲब्लेशन झालं असेल, तर एवढंच सांगेन. चक्कर अंगावर काढू नका आणि स्वतःच्या मनाने गोळ्या सोडू नका. फोन करा, विचारा.

परतताना रिक्षात अक्का बोलता बोलता गप्प झाली. बघते तर माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेली. माझ्याकडे आल्यापासून तिला अशी झोपलेली मी पाहिलीच नव्हती.

"ताई, आलं की घर," रिक्षावाला म्हणाला.

"तलावाकडनं एक चक्कर मारा," मी हळूच म्हटलं, आणि अक्काचा पदर सावरून तिला जवळ घेतलं.